जोडाची उंची

ज्या घरांच्या अंगणांत आमच्या लहानपणीं बैलगाडी उभी असे, त्याच घरांच्या अंगणांत आज ट्रॅक्टर उभा आहे आणि त्याच्या शेजारीं पिकअप उभी आहे. ओढणारा बदलला, वेग बदलला; परंतु ओढणारा आणि ओढला जाणारा या दोघांस एकत्र बांधणारा जो सांधा, त्याचा प्रश्न मात्र होता तसाच राहिला आहे. या महिन्यांत त्या सांध्याविषयीं लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. विषय लोखंडाचा दिसला म्हणून आमच्या भगिनींनीं पान उलटूं नये. ज्या रस्त्यावरून आपलीं मुलें सायकलीनें शाळेस जातात, त्याच रस्त्यावरून हे गाडेही जात असतात.

निमित्त घरचेंच आहे. आमचा एक पुतण्या राहुरी तालुक्यांत शेती पाहतो. तीन भावांचें एकत्र कुटुंब, दारीं एक पिकअप, आणि तिच्यामागें जोडावयाच्या वस्तु तीन : पाण्याची टाकी बसविलेला दोन चाकांचा गाडा, चाऱ्याची ट्रॉली आणि फवारणीचें यंत्र. तिघांच्या तोंडांची उंची निरनिराळी. गांवचा वेल्डिंगवाला म्हणतो, ‘एक हूक कायमचा जोडून देतों, काम स्वस्तांत होईल.’ शहरांतील दुकानदार उंची बदलतां येणारा परदेशी धर्तीचा जोड दाखवितो. त्याची किंमत हुकाच्या कितीतरी पट. ‘काका, कोणता घ्यावा ?’ असें पुतण्यानें विचारलें. प्रश्न दोन ओळींचा असला तरी उत्तर दोन ओळींत देण्यासारखें नाहीं. आणि असाच प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं पडला असेल, म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहूं. संस्कृतांत ‘धुर्’ म्हणजे गाडीचा पुढील भार वाहणारा भाग. तो खांद्यावर धारण करणारा तो धुरंधर; धुरेस जोडण्यास योग्य तो धुरीण. आज आपण हे शब्द पुढाऱ्यांस लावतों, पण मूळचा मान बैलाचा आहे. ‘युज्’ म्हणजे जोडणें. त्यापासून ‘योग’ झाला, आणि ‘युग’ या शब्दावरून आपलें ‘जूं’ आलें. जोडण्याच्या क्रियेस आपल्या पूर्वजांनीं किती महत्त्व दिलें होतें हें यावरून दिसतें.

परंतु याहून उपयोगाचे दोन शब्द आपल्या गाडीवानांनीं दिले आहेत : ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’. दोन चाकांच्या गाडींत भार आंसाच्या फार पुढें पडला म्हणजे गाडी धुरजड होते. जूं बैलांच्या मानेवर दाबतें आणि जनावर थकतें. भार फार मागें पडला म्हणजे गाडी उलाळ होते; जूं वर उचललें जातें, गळ्याचें जोतें आवळतें, आणि चढावर तर बैल लटकण्याचीच वेळ येते. म्हणून शहाणा गाडीवान पोतीं रचून झाल्यावर धूर हातानें उचलून पाही. ती अगदीं तरंगतां कामा नये आणि उचलण्यास दोन माणसें लागतां कामा नयेत. किंचित् धुरजड ती गाडी चांगली, हा त्याचा नियम होता. आजच्या यंत्रविद्येनें सांगितलेला नियमही हाच आहे, फरक इतकाच कीं तो आंकड्यांत सांगितला आहे.

आतां बैलाच्या जागीं पिकअप घ्या. जोड जर गाड्याच्या तोंडापेक्षां उंच असेल तर गाड्याचें नाक वर होतें आणि भार मागें सरकतो. म्हणजे गाडा उलाळ होतो. असा गाडा वेग वाढतांच शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे डोलूं लागतो, आणि डोलणें एकदां वाढलें म्हणजे तो ओढणाऱ्या गाडीसही फिरवून टाकतो. उलट जोड फार खालीं असेल तर गाड्याचें नाक जमिनीकडे झुकतें. गाडा धुरजड होतो. मग पिकअपचा मागचा भाग बसतो, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि ज्या चाकांनीं वळावयाचें व ज्यांनीं ब्रेकचा मोठा वांटा उचलावयाचा त्यांचीच जमिनीवरील पकड सुटते. रात्रीं दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात, तो अपाय वेगळाच. करंजी किंवा इमामपूर घाटाच्या उतारावर यांपैकीं कोणताही दोष असलेली गाडी नेणें म्हणजे दैवाची परीक्षा पाहणें होय.

ट्रॅक्टराच्या बाबतींत उंचीचा दोष याहूनही भयंकर आहे. ओढ जर मागच्या आंसाहून उंच ठिकाणाहून घेतली, तर भार अडतांच ट्रॅक्टराचा पुढचा भाग उचलला जातो आणि तो चालकासह मागें उलटूं शकतो. अमेरिकेंत सन १९१७ मध्यें निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर असा मागें उलटण्याबद्दल बदनाम झाला होता. पुढें हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञानें तीन टोकांची जोडणी काढून नांगर व ट्रॅक्टर एकजीव केले, त्यामागें हाही एक विचार होता. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांस मागें वरखालीं बसवितां येणारा हूक असतो. गाडा त्यासच लावावा. चिखलांत रुतलेली ट्रॉली काढण्याच्या घाईंत साखळी आंसास किंवा वरच्या दांड्यास कधींही बांधूं नये. हें वाक्य आमच्या वाचकांनीं आपल्या गड्यास व चालकास मोठ्यानें वाचून दाखवावें.

आपल्या जिल्ह्यांत या गोष्टीचें महत्त्व अधिक आहे, कारण आपला जिल्हा ओढण्यावर जगतो. भंडारदऱ्याचें धरण सन १९२६ मध्यें पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊंस वाढला. आणि सन १९५० मध्यें लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊंस तोडल्यावर लवकर गाळला नाहीं तर त्यांतील साखर घटते, म्हणून गळिताच्या हंगामांत टायरगाड्या आणि एका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यानें चालतात. दोन ट्रॉल्या म्हणजे दोन जोड. मागच्या जोडाकडे चालकाची पाठ असते. तो ढिला झाला, वांकला किंवा त्याची पिन घासली, तर पुढच्यास कळण्यापूर्वीं मागून येणाऱ्यास कळतें.

येथें कोणी विचारील कीं, सर्व वाहनांच्या जोडांची उंची एकच कां ठरवीत नाहींत ? आगगाडीनें तेंच केलें आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग सन १८७८ मध्यें सुरू झाला व तो आपल्या जिल्ह्यांतून नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव असा जातो. त्या मार्गावरून कोठलाही डबा कोठल्याही डब्यास जोडला जातो, कारण रुंदमार्गी गाड्यांत बफरच्या मध्याची रुळापासूनची उंची नेमून दिलेली आहे : रिकाम्या डब्याची १,१०५ मिलिमीटरांहून अधिक नसावी आणि पूर्ण भरलेल्याची १,०३० मिलिमीटरांहून कमी नसावी. युरोपांत मोटारींनाही असा नियम आहे. जोडाच्या गोळ्याचा मध्य, गाडी भरलेली असतां, जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर असावा लागतो. परंतु उंच पिकअप व ट्रक यांस तो बंधारा घालतां येत नाहीं. अमेरिकेंत अशा गाड्या घरोघर; कोणी उंच, कोणी ठेंगणी; आणि मागें ओढावयाचे गाडेही नाना प्रकारचे. त्या गरजेंतून उंची बदलतां येणारा जोड तेथें रूढ झाला. जेथें सर्वांची उंची सारखी करतां येत नाहीं, तेथें सांध्यानेंच लवचीक व्हावें लागतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

हा जोड असा असतो. गाडीच्या सांगाड्यास मागें एक चौकोनी पोकळ नळी घट्ट बसविलेली असते. तिचें तोंड सामान्यतः दोन इंची चौरस. तींत जोडाचा आडवा दांडा सरकवून आरपार पिन घालतात. दांड्याच्या बाहेरील टोकास एक उभी पट्टी असून तीस सुमारें एक एक इंच अंतरानें भोंकें असतात. या पट्टीवर एक बैठक वरखालीं सरकते, ती दोन पिनांनीं हव्या त्या भोंकांत पक्की करतात, आणि बैठकीवर लोखंडी गोळा असतो. गाड्याच्या तोंडाशीं असलेली वाटी त्या गोळ्यावर बसते. नळीपेक्षां बैठक जितकी खालीं तितका त्या जोडाचा ‘ड्रॉप’. आपण त्यास ‘उतार’ म्हणूं. पट्टी उलटी बसविली तर उताराचा चढ होतो.

कोणता जोड घ्यावा हें दुकानांत ठरत नाहीं. तें अंगणांत ठरतें. सपाट जागीं गाडा उभा करून तो नेहमींच्या भारानें भरावा. त्याची धूर टेकूवर घेऊन पाणसळ लावावी आणि तो अगदीं समपातळींत आला म्हणजे वाटीच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग पिकअपच्या नळीच्या आंतील वरच्या कडेची उंची मोजावी. दुसरींतून पहिली वजा केली म्हणजे लागणारा उतार मिळतो. उदाहरणार्थ, नळी २५ इंचांवर आणि वाटी १८ इंचांवर असेल तर उतार ७ इंचांचा हवा. पण पिकअपच्या हौद्यांत माल भरल्यावर ती दोन इंच बसली तर नळी २३ इंचांवर येते व उतार ५ इंचच लागतो. म्हणजे एकाच गाडीस, एकाच गाड्यासाठीं, सकाळीं एक भोंक आणि संध्याकाळीं दुसरें. कायमच्या हुकाचा दोष तो हाच : ज्या दिवशीं तो बसविला त्या दिवसापुरताच तो बरोबर असतो. गाडा जोडल्यावर दहा पावलें मागें जाऊन बाजूनें पाहावें. गाडा सपाट असावा, किंवा नाक केसभर खालीं असावें. वर कधींही नसावें.

उंची साधली म्हणजे भार पाहावा. अमेरिकेंतील रूढ नियम असा कीं, भरलेल्या गाड्याच्या एकंदर वजनाचा शेंकडा १० ते १५ भाग जोडावर पडावा. गाडा एक हजार किलोचा तर जोडावर १०० ते १५० किलो. युरोपांतील हलक्या गाड्यांस हें प्रमाण बरेंच कमी ठेवतात, परंतु वजन पुढें असावें हें तत्त्व दोन्हींकडे एकच. मोजण्यास विशेष साधन लागत नाहीं; आडतीच्या दुकानांतील मोठ्या काट्यावर धूर टेकवून, जोडाच्या नेहमींच्या उंचीवरच, तें वजन घेतां येतें. कमी भरलें तर पोतीं पुढें सरकवावीं, अधिक भरलें तर मागें. पाण्याच्या टाकीविषयीं मात्र सावध असावें. अर्धवट भरलेल्या टाकींतील पाणी ब्रेक लावतांच पुढें व वेग घेतांच मागें धांवतें, आणि तोच गाडा क्षणांत धुरजड व क्षणांत उलाळ होतो. टाकी न्यावी तर भरलेली न्यावी, नाहींतर रिकामी.

बळाविषयींचा नियम शाळेंतल्या मुलासही समजेल : साखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकें. पिकअपची ओढण्याची शक्ति, नळीची, दांड्याची, गोळ्याची व वाटीची असे पांच आंकडे समोर मांडावे; त्यांतील सर्वांत लहान आंकडा तोच आपला आंकडा. गाडीच्या पुस्तिकेंत ओढावयाचें वजन दिलेंच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठीं केलेली नाहीं असें समजून निर्मात्याच्या अधिकृत कर्मशाळेंत विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठीं मागेंपुढें जो कडा असतो, तो प्रसंगापुरता असतो. त्यास रोजचा गाडा लावूं नये. तसेंच, बैठक जितकी खालीं तितका तरफेचा हात लांब. साडेतीन इंचांच्या जागीं सात इंच उतार केला तर दांड्याच्या मुळाशीं येणारा पीळ दुप्पट होतो. म्हणून गरजेपुरत्या लांबीचाच जोड घ्यावा. ‘असूं द्या मोठा’ हा न्याय धोतरजोडीस ठीक, येथें नव्हे. पोलाद कीं ॲल्युमिनियम हा वाद गौण आहे. ॲल्युमिनियम हलकें व न गंजणारें, पोलाद जड पण स्वस्त. पाहावयाचा तो त्यावर उमटविलेला क्षमतेचा आंकडा. ज्यावर आंकडाच नाहीं तो जोड फुकट मिळाला तरी महाग.

गोळ्याच्या मापाची एक सूक्ष्म गोष्ट सांगतों. युरोपीय गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा. अमेरिकन गोळे एक पूर्णांक सात अष्टमांश, दोन, आणि दोन पूर्णांक पांच षोडशांश इंचांचे. यांतील दोन इंची गोळा म्हणजे ५०.८ मिलिमीटर; युरोपीय गोळ्याहून तो एक मिलिमीटरानेंही मोठा नाहीं. नजरेस दोन्ही सारखे दिसतात. पण मोठ्या वाटींत लहान गोळा बसविला तर तो सैल राहून घासतो, आणि माप याहून चुकलें तर खड्ड्याच्या एका धक्क्यानें वाटी उडून सुटते. म्हणून गोळ्यावर व वाटीवर कोरलेलें माप एकच आहे हें वाचून पाहावें. हातानें हलवून ठरवूं नये. याशिवाय जोडाखालून दोन साखळ्या एकमेकींस छेद देतील अशा बांधाव्या. जोड सुटलाच तर धूर त्या झोळींत पडते, रस्त्यांत रुतत नाहीं.

कायद्याचेंही दोन शब्दांत सांगितलें पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें मागचा गाडा हेंही नोंदवावयाचें वाहनच आहे. पुढच्याची नोंदणी मागच्यास पुरत नाहीं. वाहनाच्या मूळ घडणींत, नोंदणीपत्रकांतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यासही त्याच कायद्यानें बंधन आहे. म्हणून सांगाड्यास नळी जोडण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें, आणि विम्याच्या कागदावर ओढण्याचा उल्लेख आहे कीं नाहीं हें पाहावें. सन २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव धारण करणाऱ्या आपल्या शहराजवळच व्ही. आर. डी. ई. ही संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं ज्या संस्थांस वाहनें तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार दिला त्यांत तिची गणना आहे. ज्या जिल्ह्यांत वाहनांची परीक्षा होते, त्याच जिल्ह्यांत जोड मात्र अंदाजानें वितळवून चिकटवावा हें शोभत नाहीं.

आतां पुतण्यास आमचें उत्तर. घरांत ओढावयाचा गाडा एकच असता, त्याचा भार नेहमीं सारखा असता, आणि तो ओढणारी गाडीही कधीं बदलणार नसती, तर बरोबर मोजून, क्षमता छापलेला व कायमच्या उंचीचा जोड घेणें हेंच शहाणपणाचें. त्यांत सरकणारा भाग नाहीं व विसरण्यासारखी पिन नाहीं. परंतु तुझ्या घरीं गाडे तीन आहेत आणि पिकअप कधीं भरलेली तर कधीं रिकामी असते. तेव्हां उंची बदलतां येणाराच जोड घ्यावा. जास्त पडणारा पैसा एका चुकलेल्या वळणाहून स्वस्त आहे. वेल्डिंगवाल्यास काम द्यावयाचें तर टाकीच्या गाड्याचा टेकू व साखळ्यांचे कडे यांचें द्यावें; तें काम तो उत्तम करील.

मात्र अशा जोडांत एक नवा धोका आहे आणि तो एकत्र कुटुंबाचाच आहे. बदलतां येणारी वस्तु बदलावयाची राहून जाते. थोरल्यानें टाकीसाठीं भोंक बदललें, धाकट्यानें तेंच ठेवून चाऱ्याची ट्रॉली जोडली, आणि प्रत्येकाची समजूत अशी कीं दुसऱ्यानें पाहिलें असेल. जी वस्तु सर्वांची, ती कोणाचीच नसते. यास उपाय एकच. पट्टीवरील भोंकांस वरून खालीं रंगानें अनुक्रमांक घालावे. प्रत्येक गाड्याच्या धुरेवर, पिकअप रिकामी असतां कोणता अंक आणि भरलेली असतां कोणता, हें ठळक लिहावें. गोठ्याच्या भिंतीवर एक काळी पाटी टांगून तिच्यावर आज कोणीं गाडा जोडला त्याचें नांव व भोंकाचा अंक मांडावा. आणि घरचा नियम असा असावा कीं, जो चाक हातीं घेईल त्यानेंच पिन, टांचणी, वाटी व साखळी या चार वस्तूंस हात लावून मग आंत बसावें. गड्यानें ‘जोडलें आहे’ म्हटलें तरी, आणि थोरल्या भावानें म्हटलें तरीही. यांत कोणाचा अविश्वास नाहीं. पूर्वींचा गाडीवान दुसऱ्यानें भरलेल्या गाडीची धूर स्वतः उचलून पाहिल्यावांचून बैल जुंपीत नसे, आणि त्याबद्दल कोणास राग येत नसे.